सातपुड्यातली शाळा आणि माझा फॉर्म

तोरणमाळ बघायचं बरीच वर्षं मनात होतं. म्हणून विभागात "नंदुरबारच्या शाळाभेटीला कोण जातंय?" असं विचारल्यावर मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. हे आधीच सांगून टाकते, उगाच माझ्याबद्दल गैरसमज नको. मी पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात शिकवते. तिकडच्या डोंगरातल्या काही शाळांच्या शिक्षकांना आम्ही प्रशिक्षण देतो आणि वर्षातून एकदा कुणीतरी जाऊन त्यांचे वर्ग बघून येतं. या वेळी माझ्याबरोबर केतकी होती, आमची एम.एड.ची विद्यार्थिनी. बॅगेत वर्ग-निरीक्षणाचे कोरे फॉर्म होते. तो फॉर्म मीच तयार केलेला.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा. आम्ही सकाळी रेल्वेने नंदुरबारला उतरलो. मिरचीचा हंगाम होता. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली, आणि रिक्षा तिथून जाईपर्यंत केतकी शिंकून शिंकून बेजार. प्रकाशाला तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळी आणि ऊस. शहाद्यात शेवभाजी खा, पण "तिखट कमी" असं सांगण्यात वेळ घालवू नका, कुणी मनावर घेत नाही. पुढे धडगावच्या जीपा गच्च भरल्याशिवाय हलत नाहीत. आम्ही विभागाच्या खर्चाने आख्खी जीप केली. चालकाला गप्पांची हौस होती.

"मॅडम, तुमना लोके दरसाल येतस," घाटात गिअर बदलत तो म्हणाला. "पोरे मोठा व्हई ग्यात, पन तुमनं मोजनं काही सरनं नही."

आम्ही दोघी खूप हसलो.

धडगावच्या पुढे रस्ता संपला तिथून पाऊण तास चढण. शाळा एका छोट्या संस्थेची, खोल्या दोन. पहिली-दुसरीला शिकवणारी रमिला पावरा दोन वर्षांपूर्वी पुण्याला आमच्या प्रशिक्षणाला आली होती. सगळ्यात मागे बसायची आणि सगळं लिहून घ्यायची. तिची नेमणूक वर्षाच्या कराराची. करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे संस्था आमचा अहवाल बघून ठरवते. हे मला ठाऊक होतं.

वर्ग सुरू झाला आणि मी चकित झाले. दगडाखालचा खेकडा चावू न देता कसा धरायचा, हे एक मुलगी पावरीतून, म्हणजे तिच्या घरच्या बोलीतून, सांगत होती. बाकीची तिला मध्येच अडवून स्वतःची युक्ती सांगत होती. रमिला त्यांच्याशी पावरीतच बोलत होती आणि हळूच एकेक मराठी शब्द फळ्यावर लिहीत होती. खेकडा. दगड. पाणी. मुलं ते मोठ्याने वाचत होती. इतका जिवंत पहिलीचा वर्ग मी पुण्यातही पाहिलेला नाही.

केतकी मोबाइलवर वेळ लावून फॉर्म भरत होती. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, 'मराठीखेरीज इतर संभाषण'. त्यातली मिनिटं अध्यापनाबाहेरचा वेळ म्हणून धरली जातात. पुण्यातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून केलेला फॉर्म तो, तिथे इतर संभाषण म्हणजे मागच्या बाकावरच्या गप्पा.

"मॅम, ही तर शिकवतेय," केतकी कुजबुजली. "वाया कसं लिहू?"

"फॉर्ममध्ये आहे तसंच भर. सगळ्या शाळांची तुलना करायचीय."

खरं कारण सांगू? अंधारायच्या आत तोरणमाळला पोहोचायचं होतं.

रमिलाने मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. "बरं झालं ना, मॅडम? तुम्ही सांगितलं होतं, घरच्या भाषेतून सुरुवात करा. तसंच करते."

"छान झालं, रमिलाताई," मी म्हणाले आणि फॉर्मवर सही केली.

तोरणमाळ सुंदर आहे. यशवंत तलावाकाठी थंडी मी म्हणत होती, स्वेटर न्याच. फोटो मी पोस्ट केलेच आहेत, तुम्ही लाइकही केलेत.

दोन दिवसांनी शहाद्याजवळ लोणखेड्यात एका कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्या शाळांची बैठक झाली. पडद्यावर शाळांची यादी आली. रमिलाची शाळा सगळ्यात खाली, शेरा 'अध्यापनाचा वेळ अपुरा'. ती पहाटेच्या जीपने आली होती. उभी राहून माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुम्हीच तर शिकवलं होतं."

बैठकीसाठी पुण्याहून आलेल्या आमच्या विभागप्रमुखांनी "नंतर सविस्तर बोलू" म्हणत वेळ मारून नेली. मी उठून बोलायला हवं होतं. चूक शिक्षिकेची नाही, फॉर्मची आहे, एवढं एकच वाक्य. मी फाइल चाळत बसले. केतकी तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि तिचं काही चुकत नाही.

पुण्याला आल्यावर मी संस्थेला पत्र लिहिलं, म्हणजे वरातीमागून घोडं. करार संपला होता आणि मैदानी भागातल्या एक बाई रुजू झाल्या होत्या. विभागाने मला कळवलं, फॉर्म पुढच्या वर्षी सुधारू. माझी मलाच लाज वाटली, पण लाजेने कुणाची नोकरी परत मिळत नाही.

मागच्या आठवड्यात मी रमिलाला फोन केला. ती रागावेल म्हणून तयारी करून बसले होते. ती रागावली नाही. मी वर्गाबद्दल विचारलं.

"नव्या बाई चांगल्या आहेत, मॅडम. त्यांना पावरी येत नाही, मुलांना मराठी येत नाही. कुणी काही बोलतच नाही. या वर्षी तुम्ही या, एक मिनिटसुद्धा वाया गेलेलं दिसणार नाही."