वेंडेलची सही

वेंडेल ॲशक्राफ्ट खोगिरं बनवायचा आणि माझं पशुखाद्याचं दुकान त्याच्या दुकानाला लागून होतं. एकवीस वर्षं मी भिंतीपलीकडून त्याच्या हातोडीची ठकठक ऐकली, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे.

गिऱ्हाईक आलं की आधी कॉफी. मग तो त्याला लाकडी घोडीवर बसवायचा, दोरीने मांडी मापायचा, गुडघा कुठे धरतो, कंबर कुठल्या बाजूने दुखते, कुठलं हाड कधी मोडलं होतं, सगळं खोदून विचारायचा. जनावराबद्दल एकच प्रश्न: जाड की बारीक? आणि उत्तर काहीही आलं तरी खोगिराच्या कातड्याआतला लाकडी सांगाडा एकाच मापाचा, त्याच्या वडिलांपासून चालत आलेला. दारासमोर घोडे बांधायचा आडवा खांब होता, तोही पिकअप उभ्या करायला जागा हवी म्हणून त्याने उपटून टाकला. माणसं खूश होती. दिवसभर बसलं तरी काही दुखत नाही, म्हणायची.

आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या घोड्यांच्या पाठीवर, मान संपते तिथे, दोन्ही बाजूंना मुठीएवढे पांढरे ठिपके होते. खोगीर रुतून कातडी दुखावली की तिथे केस पांढरे येतात. वायोमिंगमध्ये जन्म काढलेल्यांना हे कळायला हवं होतं. आम्ही त्याला 'वेंडेलची सही' म्हणायचो. सही असलेला घोडा म्हणजे कामाचा घोडा. मीही म्हणायचे, आणि आज त्याची लाज वाटते.

ओपल रेडफर्नकडेही वेंडेलचं खोगीर होतं. तिच्या नवऱ्याने, रॉयसने, तिच्यासाठी बनवून घेतलेलं. रॉयस गेल्यावर ती एकटीच गुरं सांभाळायची. म्हातारा घोडा मेला तेव्हा तिने जुनिपर नावाची घोडी घेतली, पाठ टेबलासारखी रुंद. एप्रिलभर घोडी शहाण्यासारखी वागली. मे महिन्यात वासरांना डाग द्यायचं काम निघालं, रोज दहा-दहा तास खोगीर पाठीवर, आणि पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना घोडी चावायला लागली. मग तिने ओपलला पाडलं. वेंडेल म्हणाला, खोगिराखाली लोकरी नमद्याची जाड गादी घाल. ओपलने घातली. घोडीने पुन्हा पाडलं, बरगडीला मार बसला. वेंडेल म्हणाला, दोन घाल.

जूनमधल्या एका शुक्रवारी दुपारी ओपलची गाडी माझ्या दारात थांबली. मागच्या ट्रेलरमध्ये जुनिपर, खोगिरासकट. सकाळी गुरं हाकताना ती परत उधळली होती आणि ओपलने रागारागात तशीच चढवली होती. न उघडलेली ओटची दोन पोती ती मला परत द्यायला आली होती. घोडी लिलावाला चालली होती. पाडते हे ओपल लपवणार नव्हती, आणि पाडणाऱ्या घोडीवर आमच्याकडे फक्त कापणारे बोली लावतात. हे तिलाही माहीत होतं. रडून तिचे डोळे सुजलेले होते.

मी म्हटलं, निदान उन्हात ते ओझं तरी उतरव. तिने घोडी खाली घेतली, खोगीर काढलं. सगळी पाठ घामाने निथळत होती आणि त्यात तळव्याएवढ्या दोन जागा कोरड्याठाक. खोगिराने घामसुद्धा येऊ दिला नव्हता. वेंडेल कॉफीचा मग घेऊन आपल्या दारात उभा होता. तो मग ठेवून आला आणि त्याने एका कोरड्या जागेवर अंगठा टेकवला. घोडीने सगळी पाठ खाली दबवली.

त्याने गादीशिवाय खोगीर परत चढवलं, तंग आवळला आणि पुढच्या बाजूने डावा हात आत सरकवला.

"चढ, ओपल."

"हात काढ आधी."

"चढ म्हणतो ना. आणि चालव."

ती हळूच चढली. रस्त्यापर्यंत जाऊन यायला शंभर पावलं असतील. तो हात आत ठेवून घोडीच्या बरोबरीने चालला. परत येईस्तोवर त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता. ओपल उतरल्यावर त्याने हात ओढून काढला. चार बोटं पांढरीफटक, त्यांवर लाकडाची कड उमटलेली.

"घोडीत खोट नाही," तो म्हणाला. "लाकूड अरुंद आहे. आणि मी तुला आणखी गाद्या घालायला सांगितल्या. घट्ट बुटात जाड मोजे घालण्यासारखं ते."

"चाळीस वर्षं हे तुला कळलं नाही?"

"चाळीस वर्षं मी माणसांनाच विचारलं."

ओपल त्याला बरंच बोलली. मग तिने ओटची पोती परत गाडीत टाकली आणि जुनिपरला घरी नेलं.

पुढच्या आठवड्यात त्याने दारासमोर घोडे बांधायचा खांब परत रोवला. पाठीचं माप घ्यायला मऊ तार घेऊन तो घरोघर फिरला. काहींनी हाकललं, वाडवडिलांच्या खोगिराला नावं ठेवतो म्हणून. ओपलचं नवं खोगीर ऑक्टोबरात झालं. त्याआधी पाच वेळा त्याने ते जुनिपरच्या पाठीवर ठेवून पाहिलं. घोडीने परत कुणाला पाडलं नाही.

वसंतात तिची जुनी लव झडली आणि नवी आली, तेव्हा त्या दोन जागा पांढऱ्या निघाल्या. ओपलने तिला खांबाला बांधलं होतं. एक परगावचा माणूस कौतुकाने म्हणाला, वा, वेंडेलची सही.

वेंडेल बाहेर आला. त्याने डाव्या हाताची चार बोटं एका ठिपक्यावर ठेवली. घोडी हलली नाही.

"हो," तो म्हणाला. "मीच केलं ते."