वीज शिकवायला पेठला

नाशिक सोडून पेठच्या रस्त्याला लागलो, तेव्हा जीपची मागची सीट टीव्हीने अडवली होती. खड्डा आला की आमचा कॅमेरामन शिरीष आधी टीव्हीला धरायचा, मग स्वतःला.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. आमच्या संस्थेने दहावीसाठी विज्ञानाच्या व्हिडिओ कॅसेट काढल्या होत्या. त्यातली ‘विद्युत परिपथ’ माझी. नाशिकच्या सभागृहात पाहुण्यांनी ती फार वाखाणली होती. ज्यांच्यासाठी काढली त्या मुलांनी ती पाहायची तेवढी राहिली होती.

सावळघाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो. टपरीवाल्याने टीव्हीकडे पाहून विचारलं, “कोणता पिक्चर हाय?”

“विजेवरचा. शाळेत दाखवायचाय.”

“मारामारी?”

“नाही.”

त्याने सहानुभूतीने चहात जरा जास्त दूध घातलं.

घाट चढून गेल्यावर भाताची कापलेली खाचरं लागली आणि पेठच्या पुढे एका टेकडीखाली शाळा दिसली. विज्ञानाच्या गावितबाई दारातच उभ्या होत्या, त्याच भागात वाढलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्या बाकावरची एक मुलगी दाखवली. “ही यमुना. आईबाप निफाडला द्राक्षबागेत कामाला गेलेत. सहामाहीत विज्ञानात नापास झाली. बोर्डात गेली तर तीही बागेवर. बापानं सांगून ठेवलंय.”

“कॅसेट बघितल्यावर प्रश्नच राहणार नाही,” मी म्हणालो. हे मी तेव्हा खरोखर मानत होतो.

खिडक्यांना पोती लावून अंधार केला. सुरुवातीला सूर्योदय, सतार आणि आमची नावं. मग कोटातले प्राध्यापक शुद्ध मराठीत बोलू लागले. वर्ग इतका शांत होता की मला भरून आलं. शेवटी विचारलं, “समजलं?”

“हो सर,” सगळे एका सुरात.

“‘हो’ त्यांना पहिलीपासून येतं,” गावितबाई म्हणाल्या. “काहीतरी विचारून बघा.”

मी विचारलं, “एकाच तारेवर एकापुढे एक दोन सारखे बल्ब जोडले, तर जास्त कोणता पेटेल?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग यमुना उठली. “पहिला. तो आधी वीज खातो. दुसऱ्याला उरंल ती.”

“चूक. कॅसेटमध्ये सांगितलंय ना?”

“सांगितलं असंल सर. पण मला तसंच वाटतं.”

मी शिरीषला तो भाग पुन्हा लावायला सांगितला आणि त्याच क्षणी वीज गेली. विजेवरची आमची फिल्म विजेअभावी बंद पडली. मुलांनी हसू दाबलं, शिरीषने दाबलं नाही.

गावितबाईंनी पोती काढली आणि कपाटातून सेल, तारा, बॅटरीचे दोन बल्ब आणले. यमुनाने जोडणी केली. पहिला बल्ब चांगला पेटला, दुसरा मंद. म्हणजे तिचंच बरोबर. मी घाईघाईने समजावायला पुढे झालो, तर बाईंनी हातानेच थांबवलं.

“यमुना, तुझं खरं आहे का, कसं ठरवशील?”

वर्गात गलका झाला. मुलं त्या भागातल्या आदिवासींच्या कोकणी बोलीत भांडत होती, मला त्यातला ‘बल्ब’ एवढाच शब्द कळत होता.  यमुनाने मात्र दोन्ही बल्ब काढले आणि जागा बदलून लावले. आता पहिला मंद आणि दुसरा लख्ख.

तिने वाकून दोन्ही बल्ब न्याहाळले. “जागेचं नाय बाई,” ती हळूच म्हणाली. “ह्यो बल्बच येगळा हाय. वीज दोघांतून सारखीच जाती.”

मागे वळलो तर शिरीषचा कॅमेरा चालू होता, अर्थात बॅटरीवर.

दुपारी बाईंकडे नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाचं घट्ट कालवण खाल्लं.  घाट उतरताना मी, सभागृहातल्या टाळ्या कशाला होत्या, याचा विचार करत होतो.

नाशिकला आमच्या संचालकांनी नवं चित्रण पाहिलं. “छान आहे. फक्त मुलीचं चुकीचं उत्तर कापा. शैक्षणिक फिल्ममध्ये चूक कशी चालेल?”

“ते कापलं तर पुढे काही शिकण्यासारखं उरत नाही,” मी म्हणालो. आठवडाभर आमचं त्यावर वाजलं. शेवटी त्यांनी तडजोड केली: चूक राहील, पण तिथे पडद्यावर पाटी दाखवायची, ‘हे उत्तर चुकीचे आहे.’ पाटी लागली. फिल्म शाळांत गेली, आणि पाटी आली की मुलं बाकावरून उठून वाद घालतात, असं शिक्षक सांगू लागले. संचालकांनी ते पाटीचं यश मानलं.

जूनमध्ये गावितबाईंचा फोन आला. यमुना विज्ञानात पास झाली होती, बऱ्यापैकी गुणांनी. अकरावीला नाशिकला येणार होती.

मी खुशीत विचारलं, “परिपथाचा प्रश्न सोडवला असेल तिने?”

“तो धडा पेपरात आलाच नाही,” बाई म्हणाल्या. “पण त्या दिवसापासून ती प्रत्येक धड्यात मला ‘कशावरून’ विचारायला लागली. मलाच जास्त अभ्यास करावा लागला.”

पुढे मी पुष्कळ फिल्म केल्या. एकदाही ‘समजलं का’ असं विचारलं नाही.