ताट न हलणारा सीडी रायटर

कम्प्युटरच्या दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. उस्मानपुऱ्यात आमचं छोटं दुकान आहे, मी आणि सलीमभाई दोघांचं. बडबड माझ्याकडे, स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याकडे. आता सीडी कोण वापरतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणायचे. पण नव्या कम्प्युटरला सीडीची खाचच येईना, आणि कपाटातल्या जुन्या सीड्या घेऊन माणसं आमच्याकडे यायला लागली.

*

सलीमभाईंची एक सवय आहे. सीडी पुसून पुन्हा लिहिणारा रीरायटेबल ड्राइव्ह गिऱ्हाइकासमोर तपासल्याशिवाय द्यायचा नाही. त्यासाठी त्यांच्याकडे एक ओरखडे पडलेली, बिनलेबलाची डिस्क असते. ती घालायची, पुसायची, पुन्हा लिहायची.

दर वेळी लिहिता तरी काय, असं एकदा मी विचारलं.

"अपने निकाह के फोटो. मिटाता, फिर लिखता. रिश्ता ताजा रैता."

भाभींच्या कानावर हे अजून गेलेलं नाही.

*

शिंदे बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, सगळा जन्म फळ्यासमोर गेलेला. ड्राइव्ह निवडताना त्यांचा एकच प्रश्न, पुसल्यावर मागे काही राहत नाही ना? सलीमभाईंनी पुसून दाखवलं. बाई खूश होऊन ड्राइव्ह घेऊन गेल्या.

काही दिवसांनी पुन्हा दारात. मला वाटलं, आता तक्रार!

"पुसायला फार छान आहे हो," त्या म्हणाल्या. "लिहायचं काय, ते अजून सुचायचंय."

*

आणि मग पिशोर गावचे एक काका आले. एका हातात लेकीच्या लग्नाची सीडी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. काकू गेल्या वर्षी वारल्या. त्यांचा आवाज कुठंच राहिलेला नाही. फक्त या सीडीत त्या एकदा बोलतात. काकांना घरच्या कम्प्युटरला रायटर हवा होता, दोघी लेकींना एकेक कॉपी काढून द्यायला.

मी म्हटलं, पाच मिनिटांत इथंच पेन ड्राइव्हवर टाकून देते. काकांची मान हलली, आडवी.

"नाय ताई. तिचं काम हाय, माझ्या घरी मी करीन."

चहा घ्या म्हटलं, तर आधी काम. भाकरी तरी खा म्हटलं, तर आधी काम. काकू गेल्यापासून हे असंच चाललंय, असं स्वतःच म्हणाले. जेवायचं ध्यानातच राहत नाही.

मग निवड सुरू झाली. आमचा सगळ्यात खपणारा, पातळ, देखणा ड्राइव्ह मी पुढं केला. काकांनी हातातली सीडी काउंटरवर ठेवली, ड्राइव्हचा ट्रे बाहेर काढला आणि बैलाचे दात बघावेत तसा बोटानं दाबून बघितला. म्हणाले, ताट हलतंय. दुसरा दिला, त्याचंही ताट हलतंय! माझं डोकं फिरायची वेळ आली. शेवटी सलीमभाईंनी माळ्यावरून एक जुना, वजनदार ड्राइव्ह काढला, कम्प्युटरच्या डब्याच्या आत बसवायचा. त्याचं ताट गच्च निघालं.

"ह्यो लई चांगला," काका म्हणाले.

*

सलीमभाईंनी तो तारेनं दुकानातल्या कम्प्युटरला जोडला. तोंडानं काकांना माहिती सांगत, हातानं सवयीप्रमाणे डिस्क घातली आणि पुसायचं बटण दाबलं.

माझी नजर काउंटरवर गेली. ओरखड्यांची डिस्क तिथंच पडलेली. ट्रेमध्ये काकांची होती!

मी नुसतं बोट दाखवलं. सलीमभाईंचा चेहरा पांढराफटक. काका मात्र आशेनं स्क्रीनकडे बघत उभे. एका बाईचा आवाज आम्ही दोघांनी मिळून पुसला, असंच मला वाटलं.

स्क्रीनवर एक चौकट आली. ही डिस्क पुसता येत नाही. लग्नाच्या शूटिंगवाल्यानं स्वस्तातली, एकदाच लिहिता येणारी सीडी गळ्यात मारली होती. त्या चिक्कू माणसाचं देव भलं करो.

मी काकांना सगळं खरं सांगून टाकलं. ते स्क्रीनच्या जवळ सरकले. मग म्हणाले, "लावा."

मांडव दिसला, पंगत दिसली. डोक्यावर पदर, हातात वरणाचं पातेलं घेतलेल्या काकू आल्या. थांबल्या. कॅमेऱ्याच्या शेजारी कुणाकडे तरी बघून म्हणाल्या, "आवं, कव्हाचे उभे हायेत तुमी? बसा खाली, दोन घास खाऊन घ्या."

काकांनी स्टूल ओढलं, बसले आणि भाकरीचं फडकं सोडलं.