कोंबड्यांना दिलेली ओव्याची धुरी

सुमनताई, गुडघा कसा आहे? रॉबर्टभाऊ, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? मनवेलपाड्याच्या वहिनी, तुमचा खोकला गेला का? मी बरी आहे, पण माझ्या सात कोंबड्यांचं काही खरं दिसत नाही.

तांबडी चार दिवस शिंकत होती. नाकातून पाणी, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस. मला वाटलं, साधी सर्दी. नातवंडांना तान्हेपणी द्यायचे तशीच आज सकाळी खुराडं बंद करून ओवा आणि लसणीच्या सालींची धुरी दिली. थोड्या वेळाने उघडलं तर तांबडी मान ताणून, चोच उघडी टाकून श्वास घेत होती. आणखी दोघी घरघरत होत्या.

सून म्हणाली, "आई, खुराड्याची बाळंतिणीची खोली केलीत." एरवी मी हसले असते.

गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "काकी, धुराने त्यांची छाती आणखी भरते. आजारी कोंबड्या वेगळ्या काढा, पाण्याचं भांडंही वेगळं ठेवा, हवा खेळू द्या. मनाने औषध देऊ नका. मी उद्या सकाळी येतो."

तिघींना मागच्या पडवीत ठेवलंय. तांबडी पाण्याला चोचही लावत नाही. माझ्याच हाताने तिला गुदमरवलं, हे मनातून जात नाही.

अशी धाप लागलेली कोंबडी तुमच्यापैकी कुणाची वाचली आहे का? सकाळपर्यंत तिला कशी धरून ठेवू? लगेच लिहा, मी तिच्याजवळच बसले आहे.