कुमुदवहिनींच्या अटी

नंदन का बोलत नाही याचं कारण कुमुदवहिनींना सांगायचं असेल, तर त्यांची एक अट होती. कारण सांगून होईपर्यंत नंदनला झोका द्यायचा. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर लोखंडी कड्यांचा झोपाळा होता. नंदन त्यावर कितीही वेळ बसू शकत असे, आणि घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच्याकडे बघून एखादं कारण सांगू शकत असे. वहिनींनी या दोन गोष्टींची सांगड घातली होती.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी एका दैनिकात उपसंपादक होतो आणि सगळ्याच विषयांतलं थोडं थोडं वाचत असे. वहिनींचा सात वर्षांचा मुलगा नंदन माझ्याकडे न बघता माझ्या वळकटीचा पट्टा न्याहाळत होता. हल्ली घरोघरी केबल आलीय, त्यामुळे मुलं उशिरा बोलतात म्हणे, असं मी सहज बोलून गेलो. वहिनींनी माझ्या हातातली बादली काढून घेतली आणि झोपाळ्याकडे बोट दाखवलं.

“हल्लू ढकला,” त्या म्हणाल्या. “आणि सविस्तर सांगा. घाई नको.”

माझं कारण चार झोक्यांत संपलं. पण थांबलो की नंदन पाय झाडायचा, म्हणून मी त्यात परदेशी वाहिन्या, उपग्रह, सरकारचं नवं धोरण असं काहीबाही जोडत राहिलो. वहिनी समोर तांदूळ निवडत सगळं गंभीरपणे ऐकत होत्या.

पुढे कळलं की घरातल्या माणसांनाही या अटीतून सूट नव्हती. सासूबाई, म्हणजे माई, ग्रहणाकडे बोट दाखवत. पोटात मूल असताना सुनेनं त्या दिवशी भोपळा चिरला होता. सासरे अण्णा तहसील कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा संशय औरंगाबादच्या एका चुलत्यावर होता, जो म्हणे मोठेपणीही कमीच बोलत असे. पुण्याच्या नणंदबाई दिवाळीला आल्या आणि आईनं नोकरी केली की असंच व्हायचं, असं त्यांनी झोका देत देत बराच वेळ समजावलं. त्यांना धाप लागली तेव्हा वहिनी म्हणाल्या, “थांबू नका वन्सं, माझ्या माहेरचं अजून राहिलंय.”

एकदा मी वहिनींना विचारलं, की तुम्हाला स्वतःला काय वाटतं. त्या म्हणाल्या, “मी पण ढकलते की. दुपारी, ओसरीवर कुणी नसताना.”

चिक्कडपल्लीत त्या वर्षांत एसटीडीच्या बूथांइतक्याच झपाट्यानं नवे दवाखाने निघत होते, आणि प्रत्येकाची एक नवी तपासणी होती. एका ठिकाणी केस तपासून अंगातले धातू शोधत. वहिनींच्या सासरचे सगळेच त्यासाठी आग्रही होते. वहिनींनी नंदनच्या एकाच बटेचे दोन भाग केले आणि एक नंदनच्या, दुसरा अण्णांच्या नावानं पाठवला. नातवाच्या अंगात शिसं निघालं. आजोबांच्या अंगात शिसं औषधालाही नव्हतं, पारा मात्र भरपूर होता. अण्णा दोन दिवस आरशासमोर जीभ काढून उभे राहत होते. मग वहिनींनी त्यांना खरं सांगितलं आणि त्या दवाखान्याचं नाव घरात कुणी पुन्हा काढलं नाही.

शेवटी विद्यानगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी निदान केलं. त्यांनी रक्त काढलं नाही. त्या दोन सकाळी नंदनबरोबर जमिनीवर बसल्या, वहिनींना आणि त्यांचे यजमान माधवराव यांना ढीगभर प्रश्न विचारले आणि हा ऑटिझम आहे असं सांगितलं. नेमकं कारण सांगता येत नाही, पण यात कुणाची चूक नाही; हे घालवणारं औषधही नाही, शिकवत राहायचं. वहिनी मिठाईचा डबा घेऊन घरी आल्या. नातू बरा होणार का, असं माईंनी विचारलं.

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “पण आपण सगळे निर्दोष सुटलो. पेढा घ्या.”

खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात आली. नंदन स्वतःचं मनगट चावू लागला. बांधलेली पट्टी सोडून चावायचा; जखम भरायची आणि पुन्हा फुटायची. डॉक्टरीणबाईंनी गोळी सुचवली. ऑटिझमवर नव्हे, फक्त या चावण्यावर. माधवराव लगेच तयार झाले. पोरगं भुसा भरल्यासारखं बसून राहील, असं अण्णांचं म्हणणं होतं. वहिनींची भीती वेगळी होती. नंदन बोलत नसे, पण हसत असे. पोटातून सुरू होणारं, मध्येच उचकी लागणारं ते हसू ऐकलं की कशाला हसतोय हे न कळताही सगळं घर हसू लागे. त्यांनी डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांगितलं, “हाताच्या बदल्यात हसू द्यावं लागणार असेल, तर ही गोळी नक्को मला.”

तशी हमी देता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. कमी मात्रेपासून सुरू करू, दर आठवड्याला मला दाखवा, मनानं बंद करू नका. वहिनींनी रात्रभर विचार केला आणि सकाळी गोळी केळ्यात घालून दिली.

मात्रा थोडी वाढवल्यावर जखम भरू लागली. हसू मात्र थांबलं. मग त्या घरानं जे केलं ते मी बातमी म्हणून कुणाला सांगितलं असतं तर कुणी छापलं नसतं. कोटाचं वरचं बटण न लावता कधीही बाहेर न पडलेले अण्णा डोक्यावर सूप घेऊन अंगणात नाचले. माईंनी भाजीवालीशी होणारं आपलं भांडण दोन्ही आवाजांत करून दाखवलं. माधवराव खुर्चीवरून मुद्दाम पडत राहिले. एकदा खरंच पडले आणि लंगडत कचेरीत गेले. मी दख्खनीत बातम्या वाचल्या. वहिनी हसून हसून खाली बसल्या. नंदन छताच्या पंख्याकडे बघत होता. मग वहिनी आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या विद्यानगरला गेल्या. बाईंनी मात्रा पुन्हा खाली आणली. हात तसाच बरा राहिला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो असताना वीज गेली. पंखा थांबला आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम “अरे” निघालं. अंधारात, माईंच्या पाटाशेजारी, ते हसू सुरू झालं. उचकीसकट. कुणी हललं नाही. वीज आली, हसू थांबलं. अण्णा जेवता जेवता उठले आणि उष्ट्या हातानं मेन स्विच बंद करून आले. आम्ही पुन्हा “अरे” म्हणालो. नंदन पुन्हा हसला. असं इतक्या वेळा झालं, की शेजारचे रेड्डीगारू टॉर्च घेऊन बाहेर आले आणि स्वतःच्या घरातला दिवा चालू पाहून गोंधळून उभे राहिले.

पुढच्या वर्षी माझी मुंबईला बदली झाली. निघताना मी वहिनींना विचारलं, गोळीचा निर्णय बरोबर होता का. हात गोळीनं बरा केला, त्या म्हणाल्या. हसू तिनं आणलं नाही, पण मात्रा कमी केल्यावर अडवलंही नाही. पुढच्या महिन्यात बाई आणखी कमी करून बघणार आहेत. मग, जरा थांबा, असं म्हणून त्या आत गेल्या.

भर दुपारी पंखा थांबला. बॅग हातात घेऊन मी “अरे” म्हणालो. अण्णा, माई, माधवराव, सगळेच म्हणाले. नंदन भिंतीला टेकून पोट धरून हसू लागला. दाराशी थांबलेल्या रिक्षावाल्यानं आत डोकावून विचारलं, काय झालं.

“कुछ नै भई,” हसू दाबत वहिनी म्हणाल्या, “लाइट गई.”

“अरे,” तो म्हणाला. आणि आत नंदनला पुन्हा उचकी लागली.