बांधावरचा डबा

वस्तू लपवून ठेवणं आणि त्या कुणालाच न सापडणं, या दोन्ही बाबतींत माझ्या थोरल्या नणंदेइतकं यश आमच्या नंदुरबार जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल. शहाद्यापासून मोलगीच्या डोंगरापर्यंत आक्कांनी अकरा डबे लपवले होते आणि चार वर्षांत त्यांतला एकही उघडायला कुणी आलं नव्हतं. यात त्यांचा काही दोष नव्हता. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. एकानं डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे, दुसऱ्यानं जीपीएस घेऊन तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. बक्षीस काही नाही. जगभर लाखो माणसं खेळतात, असं आक्का सांगत. ती लाखो माणसं आमच्याकडे काही येत नव्हती. त्यामुळे डबा लपवणाऱ्या त्याच, आणि दर दोन महिन्यांनी जाऊन तो जागेवर आहे की नाही हे बघणाऱ्याही त्याच. प्रत्येक डब्यातल्या वहीत त्यांच्या सरळ, टोकदार अक्षरात नोंदी असत : ‘आज पाहिले. ठीक.’ पुढच्या ओळीवर पुन्हा, ‘आज पाहिले. ठीक.’ अशी पानंच्या पानं. मी एकदा चाळली आणि मला उगाचच रडू आलं.

आक्का लोणखेड्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर कॉलनीतल्या बायकांबरोबर त्या तोरणमाळला सहलीला गेल्या, आणि दमून एका दगडावर बसल्या तर दगडाच्या कपारीत एक डबा. बाकीच्या बायका ओरडल्या, हात लावू नका म्हणून. आक्कांनी तो उघडला, आतला कागद तीनदा वाचला, आणि शेजारी पेन्सिल होती म्हणून वहीत आपलं नाव, हुद्दा आणि पिनकोडसकट पूर्ण पत्ता लिहिला. कुणीतरी लांबच्या प्रवाशानं तो ठेवला होता. पुढे त्याचं कुणाला काहीच कळलं नाही. पण आक्कांना त्या दिवसापासून खेळाचं वेड लागलं.

वेडालाही शिस्त होती. डब्यांबद्दल त्यांची मतं इतकी ठाम होती, की लग्नातल्या आहेरातसुद्धा त्या आधी डबे बघत. माझ्या भाचीच्या हळदीला आलेला चार कड्यांचा प्लास्टिकचा डबा त्यांनी सगळ्यांदेखत बादलीत बुडवला, पन्नास आकडे मोजले, बाहेर काढून आत बोट फिरवलं आणि “पानी ग्यं. हाऊ काय कामना नही,” असं जाहीर केलं. आहेर आणणाऱ्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. स्टीलचा डबा नको, तो उन्हात तापतो आणि चोराला दिसतो. बॉलपेन नको, उन्हाळ्यात शाई ओघळते; पेन्सिलच हवी, आणि तीही टोक केलेली. मोबाइलवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “मोबाइल लबाड शे,” त्या म्हणत, “झाडखाले गयं की काहीबी सांगस.” त्यांच्याकडे पिवळ्या रंगाचं हातातलं जीपीएस यंत्र होतं. ते त्या गळ्यात अडकवत आणि पदरानं झाकत. त्यामुळे छातीपाशी काहीतरी टुकटुक वाजे आणि एसटीतली माणसं चमकून बघत.

आणि नियम. एक वस्तू घ्यायची तर एक ठेवायची. खायचं काही ठेवायचं नाही, मुंग्या येतात. देवाचा फोटो ठेवायचा नाही, देवाला दगडाखाली ओलीत ठेवणं बरं नव्हे. खणायचं नाही. देवस्थानाच्या आसपास जायचं नाही. ज्याची जागा त्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. आणि डबा काढताना, ठेवताना कुणाला दिसू द्यायचा नाही. हा शेवटचा नियम आमच्या भागात पाळणं अशक्य. आमच्याकडे बाईमाणूस रस्त्याकडेला वाकलं की चार जण विचारायला येतात. लोणखेड्याच्या पाटाजवळ त्या एकदा डबा तपासायला वाकल्या आणि एका सायकलवाल्यानं विचारलं, “काय दखी ऱ्हायनी, माय?” आक्का घाईघाईनं म्हणाल्या, कानातलं पडलं. झालं! सायकल आडवी पडली, उसाचा ट्रॅक्टर थांबला, कॉलेजच्या मुली थांबल्या, दहा-बारा जण गवतात ओणवे झाले. अर्ध्या तासानं एका मुलीला खरंच कानातलं सापडलं. कुणाचं कोण जाणे. आक्कांना ते घ्यावं लागलं. मग दोन आठवडे त्या ते कानातलं हातात घेऊन पाटाजवळच्या घरोघरी विचारत फिरत होत्या.

आमच्या ब्राह्मणपुरीच्या शेताच्या बांधावर डबा ठेवायचा त्यांनी ठरवलं तेव्हा सख्ख्या भावाला त्यांनी लेखी अर्ज दिला होता. ‘विषय : आपल्या बांधावर डबा ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.’ माझ्या नवऱ्यानं तो न वाचता सही करून दिला. तो सगळ्याच कागदांवर तशी सही करतो. आक्कांनी निंबाखालच्या दगडांत डबा बसवला. त्यात एक लाल क्लिप, दोन बटणं, एक प्लास्टिकची बाहुली, किल्लीचा छल्ला अशा वस्तू होत्या, आणि अर्थातच वही.

तो बांध सामाईक होता. आमची पपई अलीकडे, माझ्या चुलत दिरांची पलीकडे.

एका पावसाळ्यात, पाऊस जरा उघडला होता, आक्का दुपारी शेतातून पळत घरी आल्या. त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. हातात वही. “देख, देख व,” म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे धरली. ‘आज पाहिले. ठीक’च्या खाली पेन्सिलीनं काढलेलं एक चित्र होतं. बोटाएवढा मोर. नाव नाही, अक्षर नाही. डब्यातली लाल क्लिप गेली होती आणि तिच्या जागी काळ्या-पांढऱ्या मण्यांची एक बारीक पोत होती. “कोनीतरी ऊनं,” आक्का म्हणाल्या, “आनि बठ्ठं बरोबर कयं. एक लिधं, एक ठेवं. झाकन बी घट्ट लायेल शे.” त्या दिवशी त्यांनी आम्हाला जिलेबी आणून खाऊ घातली. रात्रभर झोप आली नाही म्हणाल्या. कोण असेल यावर त्या महिनाभर तर्क करत होत्या. वाट चुकलेला परदेशी असेल, पुण्याची कुणी चित्रकार मुलगी असेल. ब्राह्मणपुरीतलं कुणी असेल असं त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढच्या महिन्यात चुलत दिरांच्या पपईची पानं आकसायला लागली. तो रोग त्या वर्षी अनेकांच्या शेतांत होता, पण त्यांच्याकडे जास्त. बांध साफ करताना त्यांच्या गड्याला दगडांत डबा सापडला. त्यानं तो खळ्यावर आणून उपडा केला. बाहुली, बटणं, वही, अक्षांश-रेखांशांचे आकडे लिहिलेला कागद आणि ती पोत. कुणीतरी म्हणालं, “हाई ते ठुमलीबाईनी पोत शे.”

ठुमलीबाई आणि तिचा नवरा मोलगीच्या वरच्या एका पाड्यावरचे. दोन वर्षांपासून ते दिरांच्या शेतावर कामाला होते आणि शेतातल्याच झोपडीत राहत होते. रोज सकाळी मी शाळेत शिकवायला निघे तेव्हा ती हंडा घेऊन समोरून येई आणि मान हलवी. आमचं बोलणं तेवढंच. मी खळ्यावर पोचले तेव्हा तिला मध्ये उभं केलं होतं. मारलं कुणी नाही, शिवीही दिली नाही. नुसतं विचारत होते. दिरांच्या घरातली शिकलेली, नोकरीतली माणसं. “तूच ठेवं ना? कसाले ठेवं? काय करी ठेयेल शे त्याम्हा?” पुन्हा पुन्हा तेच. ती एकदा पोतीकडे बघे, एकदा नवऱ्याकडे. करणी हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारला नाही. मला मात्र तो सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता.

मी म्हणाले, डबा आक्कांचा आहे. एकदा म्हणाले. हळू म्हणाले. समोर चुलतसासरे बसलेले, पुरुषमाणसं बोलत होती, माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. मी दुसऱ्यांदा म्हणाले नाही. बाजूला जाऊन आक्कांना फोन लावला. आक्का रिक्षा करून यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आक्का आल्या त्या सरळ मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. धाप लागली होती. “डबा मन्हा शे,” त्या म्हणाल्या. “मीच ठेयेल शे. वहीम्हा मन्हं अक्षर शे, देखी ल्या.”

दीर ओशाळले, पण हटले नाहीत. “तुम्हना व्हई, आक्का. पन हाई पोत तिन्ही शे ना? तिनी कसाले टाकी?”

“नियम शे म्हनीसन,” आक्का म्हणाल्या. “एक लेवानं, एक ठेवानं. तिले कोनी शिकाडं नही, तरी तिनी बरोबर कयं. आनि पपईले रोग लागेल शे. पानं तपासाले धाडा, बाईले काय इचारतस?”

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. आक्कांचं वेड सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सुटका झाल्यासारखं झालं. चहा मागवला गेला. आक्कांनी वळून ठुमलीबाईला विचारलं, “मोर तू काढा का?” ती निघून गेली, कामाला. चहा घ्यायला कुणी तिला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोपडी रिकामी होती.

आक्कांनी मग बाकीचे दहाही डबे उचलले. मी त्यांच्याबरोबर जात असे. त्यांचे गुडघे दुखत आणि चढावर दर वळणाला त्या थांबत. प्रत्येक वहीत शेवटची नोंद करत, “आज काढले.” एरवी वाटेत त्या चपला, काठी, बॅटरी यांवर अखंड बोलत. आता एकदाच, राणीपूरच्या चढावर, म्हणाल्या, “बांधले दोन बाजू ऱ्हातीस व. मी एकच बाजूले इचारं.” मी म्हणाले, अर्ज तरी दिला होतात. त्यावर त्यांनी इतक्या रागानं माझ्याकडे बघितलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग त्यांनी मोलगीच्या बाजाराचा ध्यास घेतला. बाजाराच्या दिवशी जीपनं जायचं, सगळ्या रांगा हिंडायच्या, संध्याकाळच्या आत परत. पहिल्या खेपेला ठुमलीबाई दिसली नाही. दुसऱ्या खेपेला दिसली. रस्त्याच्या कडेला डोंगरातल्या काकड्या घेऊन बसली होती. आम्हाला पाहताच तिनं पाटी जवळ ओढली. आक्का तिच्यासमोर तिथेच मातीत बसल्या. त्या गुडघ्यांनी कशा बसल्या, देव जाणे.

“मन्ही चूक व्हयनी, बाई,” आक्का म्हणाल्या.

ठुमलीबाईनं पाटीतल्या काकड्या सारख्या केल्या. मग आमच्या अहिराणीत, अडखळत म्हणाली, “मी झाकन बराबर लायं व्हतं.”

“लायं व्हतं,” आक्का म्हणाल्या. “बठ्ठास्पेक्षा बराबर.”

“मंग ते मानसं कसाले बोलनात?”

आक्कांनी पिशवीतून पोत काढून पुढे केली. ठुमलीबाईनं ती घेतली नाही. “ती तुम्हले देयेल शे,” म्हणाली. जाताना तिनं आमच्या पिशवीत दोन काकड्या टाकल्या आणि आम्ही किती नको म्हटलं तरी ऐकलं नाही. परतीच्या जीपमध्ये आक्का माझ्या हाताला घट्ट धरून होत्या. तिनं माफ केलं का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी हो म्हणाले. मला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो. आक्कांनी तिच्यासाठी एक लुगडं घेतलं होतं, निळं. बाजारात ती नव्हती. शेजारी बसणाऱ्या बाईनं सांगितलं, सगळं घर ऊसतोडीला गुजरातला गेलंय, पोराबाळांसकट. कुठल्या गावाला ते तिलाही ठाऊक नव्हतं. “होळीले येतीन,” ती म्हणाली. होळीला डोंगरातली सगळीच माणसं परत येतात.

आक्का लुगड्याची पिशवी मांडीवर घेऊन जीप भरायची वाट बघत बसल्या. जीप भरायला वेळ लागला. घाट उतरताना त्यांनी मला विचारलं, “यंदा होळी कव्हय शे व?”

मी बोटांवर महिने मोजले. मार्गशीर्ष, पौष, माघ, मग फाल्गुनात होळी. बरेच होते. मी सांगितलं तेव्हा त्या “हं” म्हणाल्या आणि खिडकीची काच वर केली, कारण गार वारा आत येत होता.