मावशींच्या खुर्चीचा डाव

सोफे आणि गाद्या शिवणाऱ्या मावशींच्या उजव्या हाताला स्वतःची अक्कल होती. कापडाखाली स्प्रिंग कुठे सैल पडली आहे, हे तो हात डोळ्यांच्या आधी सांगायचा. पत्त्यांच्या टेबलावरही त्याचं तेच. दोन बटणं उचलायची, पुढे सरकवायची आणि मुकाट परत यायचं.

रविवारी दुपारी घड्याळजींच्या दुकानामागच्या खोलीत पोकर चाले. पैशांचं नाव नाही. मावशींनीच कापडाने मढवून दिलेली सोफ्याची बटणं, तीच लावायची. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते झाकलेले, मग मधे पाच पत्ते उघडायचे, आधी तीन, मग एक, मग एक, आणि दर टप्प्याला बोली. बोली लिमिटची, म्हणजे बांधलेली. दोन बटणं, फार तर शेवटी चार. अशा खेळात हातात राजांची जोडी आली की मावशी बिनधास्त बोली वाढवत जायच्या. स्वस्तात बघायला मिळतंय म्हणून तेवढीच बटणं लावून सगळेच मागे यायचे, आणि कुणीतरी फुटकळ पत्त्यांवर राजांना लोळवायचं. पण जाऊन जाऊन जाणार किती? “बघून टाकू,” म्हणायचं आणि शेवटपर्यंत जायचं.

त्या खोलीत खुर्च्या सहाच मावत, आणि ज्याने त्याने आपली आणायची हा तिथला नेम. मावशींची खुर्ची मुळात त्यांच्या यजमानांची. ते गेल्यावर मंडळी म्हणाली होती, नवा गडी मिळेपर्यंत बसू दे त्यांना. मावशींनी खुर्चीला जाड गादी घातली, आणि नव्या गड्याचा विषय तिथेच मिटला.

मिटला होता, पण मंडळींतल्या औषधवाल्यांचे जावई सातवी खुर्ची बगलेत मारून आले. बांधलेली बोली म्हणजे पोरखेळ, असं त्यांचं मत. नो-लिमिट खेळू या म्हणाले. हवं तेव्हा हवं तेवढं लावा, वाटलं तर पुढ्यातली सगळी बटणं एकदम. आणि ज्याची बटणं सगळ्यांत आधी संपतील त्याने आपली खुर्ची उचलायची, म्हणजे जागेचा प्रश्नही सुटला. सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावता डोलावता सगळ्यांची नजर कुठे गेली, ते मावशींनी पाहिलं.

खेळ रंगात यायच्या आतच त्यांच्या हाती राजांची जोडी आली. उजवा हात आपला गेला आणि दोन बटणं ठेवून आला. एवढ्याशा बोलीला कोण पत्ते टाकतंय? चौघे मागे आले. मधल्या पहिल्या तिघांत नव्वीसोबत चौकट चव्वी पडली, पुढच्या टप्प्याला आणखी एक चव्वी पडली, आणि मावशींच्या धाकट्या दिरांनी भलामोठा ढीग पुढे ढकलला. मावशी सवयीने म्हणून गेल्या, “बघून टाकू.” दिरांच्या हातातही चव्वी होती. तीन चव्व्यांपुढे राजे आडवे झाले, आणि मावशींची निम्मी बटणं गेली.

“वहिनी,” दीर बटणं गोळा करत म्हणाले, “दोनच बटणं लावून दार सताड उघडं ठेवलंत. चोर सोडा, गल्लीतलं मांजरही आत येणारच. आज मांजर मी.”

“या भावजी, दूध पिऊन घ्या,” मावशी म्हणाल्या. पण बोलणं त्यांच्या मनात रुतलं. मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. उजवा हात मांडीखाली दाबून त्यावर बसल्या आणि डाव्या हाताने खेळू लागल्या. डाव्याला कसलीच सवय नव्हती. त्याला दर वेळी विचारूनच हलावं लागे.

थोड्या वेळाने राण्यांची जोडी आली. डाव्या हाताने मूठभर बटणं पुढे लोटली. एकेकाने पत्ते टाकले, मागे फक्त घड्याळजी राहिले. मधे एक्का उघडला. घड्याळजींनी चष्मा वर केला आणि आपला मोठा ढीग सरकवला. हा माणूस उगाच काही सरकवणाऱ्यांतला नव्हे. मांडीखाली उजवा हात वळवळला. बघून टाकू, बघून टाकू. पण आता बघण्याची किंमत दोन बटणं नव्हती, ती बुडाखालची खुर्ची होती. मावशींनी राण्या पालथ्याच टाकून डाव सोडला.

“घाबरल्या मावशी,” जावई हसले. “हात थरथरतोय, म्हणून तर लपवून बसल्यात.”

मावशींनी उजवा हात आणखी आत सारला. गैरसमज माणसाला आपणहून होत असेल तर मधे कशाला पडा.

मधल्या काळात जावयांचा ढीगही दिरांनी पोखरून मावशींच्या ढिगाहून लहान केला होता. पुढच्या एका डावात जावयांनी दणक्यात बोली लावली. मावशींनी पत्त्याचं टोक उचललं. राजा. दुसरं उचललं. परत राजा. या खेपेला दार उघडं ठेवायचं नव्हतं. डावा कोपर टेबलावर टेकवून त्यांनी पुढ्यातला सगळा ढीग एका दमात पुढे सारला, स्प्रिंग बांधताना दोरी ओढावी तसं, सगळं अंग लावून.

बाकीच्यांनी पत्ते टाकले. जावयांनी मावशींच्या मांडीखाली गेलेल्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, “घाबरलेलं माणूस शेवटी असंच अंगावर येतं. आलो मी.” त्यांनी गुलामांची जोडी उघडली. मावशींनी राजे मांडले.

मधे दश्शी, छक्की, तिर्री. मग अठ्ठी. मग राणी. गुलामांच्या मदतीला कुणी आलं नाही, आणि राजांना मदत लागली नाही.

तेव्हा कुठे मावशींनी उजवा हात बाहेर काढला. जावयांची होती नव्हती ती सगळी बटणं ओढून घेताना तो अगदी स्थिर होता. पार बधिर झाला होता, पण स्थिर. हा हात कधी थरथरलाच नव्हता, हे आता जावयांच्या लक्षात आलं. सासरेबुवा खोकल्याचं निमित्त करून भिंतीकडे तोंड करून हसत होते.

त्या दिवसाचा खेळ शेवटी जिंकला घड्याळजींनी, पण त्यांच्या समोर शेवटपर्यंत टिकल्या त्या मावशीच. पत्ते आवरताना घड्याळजींनी हळूच विचारलं, “मधे एक्का उघडल्यावर पत्ते टाकलेत, तेव्हा माझ्याकडे खरंच एक्का होता का, जाणून घ्यायचंय?”

“नको,” मावशी म्हणाल्या. “बघण्याची खोड मोडली.”

दारात जावई आपली खुर्ची मिटत होते. मावशींनी तिची बैठक बोटाने दाबून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

“जावईबापू, ही दुकानात आणून टाका. हिच्यावर बसून कुणाचं डोकं चालणार? गादी घालून देते. मग या परत माझ्या खुर्चीवर डोळा ठेवायला.”